मास्तर कोपऱ्यात बसले

"तू निर्धास्त जा! एक पोर सांभाळायला काय फौज लागते?" असं म्हणून मास्तरांनी बायकोला बहिणीकडे रवाना केलं आणि पुन्हा मशीनवर बसले.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मुलांवर हात उगारायचा नाही असा कायदा आला तेव्हा गल्लीतल्या बापांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. मास्तर मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "कायदा आत्ता आला हो! आमच्याकडे तो ठकीच्या जन्मापासून लागू आहे!"

बढाई खरी होती. स्वतः मास्तर आईच्या लाकडी पट्टीखाली वाढले होते. आई अजून घरात होती आणि पट्टीही. पण सहा वर्षांच्या ठकीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी एका नवरदेवाचा कोट द्यायचा होता. मास्तर हातपाय धुऊन आले, तर ठकी जमिनीवर फतकल मारून बसलेली. शेजारी मोठी कात्री. मांडीवर मांजराचं पिल्लू, आणि ते पिल्लू कोटाच्या डाव्या बाहीत!

"बाबा, त्याला थंडी वाजत होती," ठकी म्हणाली. "मी पिशवी केली."

बाही कोपरापासून साफ उडवलेली! मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात आपोआप वर गेला. ठकीने डोळे घट्ट मिटून घेतले.

ते मिटलेले डोळे बघून मास्तरांनी हात तिथेच रोखला. पण वर गेलेला हात कुठे तरी उतरायला हवा ना! ते गर्रकन वळले आणि कोट चढवायच्या पुतळ्यावर तुटून पडले. "घे! घे! माझं वाटोळं केलंस! घे!" पुतळा धाडकन आडवा झाला आणि ठकीने भोकाड पसरलं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी हे सगळं ऐकलं आणि तत्परतेने फोन फिरवला.

थोड्याच वेळात बालहक्क कार्यालयातल्या अधिकारी बाई दारात हजर! त्या ठकीजवळ उकिडव्या बसल्या. "बाळ, बाबांनी कुणाला मारलं?"

"त्याला," ठकी हुंदके देत म्हणाली. "बाबा रोज त्याला टाचण्या टोचतात."

बाईंचा चेहरा पांढराफटक. "तो कुठे आहे आता?"

"टेबलामागे पडलाय. त्याला डोकं नाही. हातपण नाहीत."

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. मास्तरांनी धावत जाऊन पुतळा उचलून आणला, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. पण बाई पक्क्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. "मुलीवर हात उगारला होतात का?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. पण मास्तरांना ते मिटलेले डोळे दिसत होते.

"उगारला होता," ते म्हणाले. सहा वर्षांची अब्रू त्या दोन शब्दांत गेली. ते डोळे पुसू लागले.

एवढ्यात आतून आई आली, हातात पट्टी. "अहो बाई, मारल्याने काही होत नाही! ह्याला मी इतका बडवला, काही बिघडलं का? गरीब गाय आहे नुसता! ए, रडतोस काय बाईंसमोर?" आणि तिने मास्तरांच्या पाठीत सण्णकन एक ठेवून दिली.

"बाई, बघा!" मास्तर कळवळले. "ह्याला काही कायदा?"

"तुमचं वय?"

"त्रेचाळीस."

"तो अठरापर्यंतच आहे हो," बाई खरोखर हळहळल्या. जाताना त्यांनी समजावलं, "राग आला की काही बोलायचं नाही. कोपऱ्यात जाऊन शांत बसायचं." मास्तरांनी मान हलवली. ठकीनेही हलवली.

बाई गेल्या. मास्तरांनी कोटाकडे पाहिलं आणि त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. लगेच ठकीने त्यांचं बोट धरलं. "बाबा, राग आलाय. चला कोपऱ्यात."

मास्तर गेले. भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिथेच बाही जोडू लागले. टाका घालायचे, डोळे पुसायचे, पुन्हा टाका घालायचे.

बाही जोडून होते न होते तोच नवरदेव आला. आईने त्याला कोट चढवला.

"डावी बाही आखूड वाटते हो. आणि कोपरावर ही शिवण कसली?"

"नवी पद्धत आहे," आई म्हणाली. "आखूड वाटलीच तर तो हात खिशात ठेवा."

"मास्तर कुठे आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय!"

"बाबांना शिक्षा झालीय," ठकी म्हणाली. मग तिला दया आली. कोपऱ्यात जाऊन तिने बापाच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, संपली शिक्षा. उठा आता."

दुकानात नवरदेवाचा आवाज चढत चालला होता. मास्तर भिंतीला आणखी चिकटले.

"ठके," ते हळूच म्हणाले, "अजून थोडी वाढव ना!"