सरांची वीस जूनची सही

तनुजाचे गाईड श्रीनिवास सर बारा जूनला वारले आणि वीस जूनला त्यांनी तिच्या प्रबंधावर सही केली. यात विद्यापीठाला सुरुवातीला काहीच वावगं दिसलं नाही.

तनुजाचाही नाइलाज होता. इतिहासातल्या पीएच.डी.चं तिचं हे नववं वर्ष. शेवटची मुदतवाढ तीस जूनला संपणार होती, आणि ज्या कॉलेजात ती तासांवर शिकवत होती तिथली कायमची जागा जुलैत भरणार होते. तोवर प्रबंध सादर झाला नाही तर मुलाखतीलाही बोलावणार नव्हते. प्रबंध तयार होता. सरांची सहीही तयार होती. "सहीसाठी खराडीहून सदाशिव पेठेत येऊन माझी दुपारची झोप मोडू नकोस," असं म्हणत सरांनी मार्चमध्येच दोन कोऱ्या प्रमाणपत्रांवर सह्या करून दिल्या होत्या. 'सदर प्रबंध मी संपूर्ण वाचला असून तो सादर करण्यायोग्य आहे.' खाली सही. तारीख तेवढी तिने टाकायची. सगळेच असं करतात.

अडचण एवढीच, की नियमाप्रमाणे ही सही साहित्यचोरीच्या तपासणीनंतरची लागते. तपासणीचा अहवाल एकोणीस जूनला आला आणि सर तोवर थांबले नाहीत. तनुजाने प्रमाणपत्रावर वीस तारीख टाकली आणि प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत जमा केला. तिचा विषय होता पेशवाईतल्या बनावट सनदा. मेलेल्या माणसाच्या नावे झालेला कागद कसा ओळखावा यावर तिचं अख्खं एक प्रकरण होतं. तारीख लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली, पण अक्षर छान आलं.

पकडलं जायचं भयही फारसं नव्हतं. 'माझ्या मरणाची बातमी छापू नका, तारखा हमखास चुकवतात,' असं सरांनी घरी बजावून ठेवलं होतं. त्यामुळे विद्यापीठाला पत्ता नव्हता.

पत्ता होता तनुजाच्या वडिलांना. संभाजीरावांनी खराडीच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लावला. 'आमच्या तनुजाताईंचे गुरुवर्य श्रीनिवास सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. निधन: १२ जून.' खाली शोकाकुल म्हणून सतरा जणांचे फोटो होते. त्यातल्या दोघांनी गॉगल लावले होते.

"अप्पा, हे कशाला केलंत?" तनुजा रडकुंडीला आली.

"कशाला म्हंजे? नऊ वर्सं शिकवलं त्या मान्सानं. येवढं बी करू नये व्हय?"

विद्यापीठाच्या खिडकीत बसणारे लिमये मुलाने फ्लॅट घेतल्यामुळे गेल्या वर्षापासून खराडीत राहत होते आणि त्यांची बस त्याच चौकातून जायची. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन आला.

"तनुजाबाई, आपले सर वीस तारखेला सही करायला कुठून आले होते?"

"छपाईची चूक आहे हो ती," तनुजाच्या तोंडून निघून गेलं.

निघून गेलं म्हटल्यावर निस्तरणं आलं. संभाजीरावांनी शिडी मागवली आणि संध्याकाळपर्यंत बाराच्या जागी बावीस चिकटवलं. सकाळी पुन्हा फोन.

"काल बारा होतं, आज बावीस आहे. सर दहा दिवस जास्त जगले. खराडीची हवा मानवली असावी." लिमये अजिबात हसले नाहीत. "घरच्यांचं पत्र आणा, मृत्यूच्या तारखेचं. फ्लेक्स आम्ही पुरावा मानत नाही."

'एक पत्र हवंय' एवढंच फोनवर सांगून अठ्ठावीस जूनला तनुजा सरांच्या घरी गेली. 'काकू, पत्रात बावीस लिहाल का?' हे वाक्य तिने रिक्षात वीस वेळा घोकलं होतं. सरांच्या पत्नी हेमाकाकूंनी दार उघडलं आणि ती ते म्हणायच्या आत त्याच बोलू लागल्या.

"बरं झालं आलीस. अगं, हॉस्पिटलात तुझंच वाचत होते. नाकात नळी, आणि मांडीवर तुझा गठ्ठा. नर्सशी भांडायचे दिव्यासाठी." काकूंनी कपाटातून एक कागद काढला. औषधांच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेला. "ही त्यांची शेवटची सही. तुझ्या उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलीय."

सरांचं अक्षर वाकडं झालं होतं, पण लागत होतं. 'तिसरे प्रकरण ज्या सनदेवर उभे आहे ती सनदच बनावट. शिक्का वीस वर्षांनंतरचा आहे. प्रबंध सादर करू नये. पुन्हा लिहावा.' खाली दहा जून, आणि सही.

तनुजाने तिथेच फोनमधला सनदेचा फोटो मोठा करून पाहिला. सरांचं बरोबर होतं. मग ती रडली. काकूंना वाटलं, सरांसाठी. तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

"आणि पत्र कसलं हवं होतं तुला?"

"काही नाही, काकू."

चिठ्ठी पर्समध्येच दडवली तर कुणाला कळणार होतं? रात्रभर ती हाच विचार करत होती. सकाळी ती विद्यापीठात गेली आणि चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली. लिमयांनी ती दोनदा वाचली.

"एकवीस वर्षं या खिडकीत बसतोय," ते म्हणाले. "सह्या सगळेच करतात. वाचून सही केलेला हा पहिलाच."

"मग आता?"

"आता काय? सही खरी, तारीख खरी. हीच ग्राह्य." त्यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला, फाइल उघडली, वीस जूनचं प्रमाणपत्र सोडवून तिच्या हातात दिलं. "हे मला कधी मिळालंच नाही. प्रबंधही घेऊन जा. जड आहे, रिक्षा करा."

तनुजाने नऊ वर्षं दोन्ही हातांनी उचलली. "पुन्हा नोंदणी करता येईल?"

"प्रवेश परीक्षेपासून. अर्जात गाईडचं नाव टाकाल, त्याआधी घरी जाऊन माणूस आहे ना ते बघून या."

तनुजा हसली नाही. तिने प्रबंध काखेत मारला आणि खिडकीत हात पुढे केला. "द्या एक अर्ज."

लिमयांनी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. "अर्ज सोमवारपासून."