बाबांचा लिलाव

"आपली सेवा" या रकान्याशी बाबांचं पेन जे अडलं, ते ताटं वाढून झाली तरी पुढे सरकेना.

पालक संघानं यंदा नवीच शक्कल लढवली होती. नदीपलीकडच्या शाळेतली मुलं जमिनीवर बसून शिकत होती. त्यांना बाकं घेऊन द्यायची, पण वर्गणी मागायची नाही. त्याऐवजी प्रत्येक पालकानं आपली चार तासांची सेवा लिलावात ठेवायची आणि जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे जाऊन राबायचं. कल्पना अध्यक्षबाईंची. त्या दातांच्या डॉक्टर असल्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायला सगळेच जरा कचरत.

वर्गातले बाकीचे पालक मोठे कामाचे होते. कुणी विजेची कामं करणारा, कुणी पोहायला शिकवणारा, एकीचं तर स्वतःचं पार्लर होतं. बाबा पडले आवक-जावक कारकून. आलेल्या पत्रावर एक शिक्का, गेलेल्या पत्रावर दुसरा. आता कुणाच्या घरी जाऊन शिक्के मारायचे?

"अहो, 'कोणतंही काम' असं लिहून टाका," आई म्हणाली.

"त्याचा अर्थ काहीच येत नाही असा होतो."

"बरं, मग काय येतं ते लिहा."

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. आईनंही केला. मग ती म्हणाली, "जेवून घ्या, गार होतंय," आणि बाबांनी 'कोणतंही काम' असं लिहून कागद मिटला.

तेवढ्यात त्यांची चौथीतली लेक म्हणाली, "बाबा, काल पाचवीचा लिलाव झाला. एकाच्या बाबांना कुणी घेतलंच नाही. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी घेतलं, शंभरात. आता सगळे त्या मुलाला 'शंभर' म्हणून हाक मारतात." एवढं बोलून ती भातात बोट फिरवत बसली.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. स्वतःची काय किंमत होते याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. वरिष्ठांनी ती वेळोवेळी सांगितली होतीच. पण पोरीला त्यापायी कुणी चिडवायचं म्हणजे फारच झालं.

जेवण झाल्यावर ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि मेहुण्याला गाठलं. मेहुण्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि डोकं कायम तापलेलं असे, पण भावोजींवर जीव होता.

"उद्या शाळेत ये आणि मला विकत घे," बाबा कुजबुजले. "पैसे मी देतो. तुझ्या ताईला मात्र बोलू नकोस."

"कुठवर जाऊ, भावोजी?"

"कुठवर काय? दोनशे म्हण आणि मोकळा हो. आणि हे बघ, मी मान हलवून नको-नको करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस. ते आपलं लाजल्यासारखं दाखवायला. नाहीतर लोकांना संशय यायचा."

मर्यादा ठरवून द्यायचं काही त्यांना सुचलं नाही. दुसरं कुणी आपल्यावर बोली लावेल, ही शक्यताच त्यांच्या हिशेबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेचं सभागृह गच्च भरलं. लिलाव पुकारायला खेळाचे सर होते. त्यांच्याकडे हातोडा नव्हता, म्हणून ते शिट्टी वाजवून सौदा पक्का करत होते. विजेवाले दीड हजाराला गेले, पार्लरवाल्या बाई दोन हजाराला, पोहायला शिकवणारे तीन हजाराला. प्रत्येक शिट्टीबरोबर बाबा खुर्चीत आणखी खाली सरकत होते. पुढच्या रांगेत बसलेली लेक आपल्या बुटांकडे बघत होती.

"आता चार तास," सरांनी कागद वाचला, उलटून मागं काही लिहिलंय का तेही पाहिलं, "कोणतंही काम."

सभागृहात कुणीतरी खोकलं, बाकी सगळं सामसूम.

"दोनशे!" मागून मेहुणा गरजला. बाबांचा जीव भांड्यात पडला. सरांनी शिट्टी ओठांशी नेली.

"तीनशे," खिडकीजवळून एक बारीक आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कॉलनीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई हात वर करून बसल्या होत्या. बाबा चक्रावले. या बाईंना आपण कशाला हवे असू? पण खोटं कशाला बोला, मनातून त्यांना गुदगुल्या झाल्या. आजवर त्यांच्यासाठी कुणी हात वर केला नव्हता.

"चारशे!" मेहुणा.

"पाचशे."

आठशेवर बाबांनी मान हलवली. मेहुण्यानं डोळा मारला आणि हजार म्हटलं. पंधराशेवर बाबांनी दोन्ही हात हलवले. मेहुण्यानं कौतुकानं हसून दोन हजार केले. तीन हजारांवर बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि अक्षरशः हात जोडले.

"किती विनयशील माणूस!" अध्यक्षबाई शेजारणीला म्हणाल्या. "आणि आपल्याला एवढ्या वर्षांत पत्ता नाही. करतात तरी काय हे?"

"कोणतंही काम," शेजारीण आदरानं म्हणाली.

आता सभागृहात कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या एका कंत्राटदार पालकांना त्यांच्या मुलीनं बाही ओढून ओढून जागं केलं, कानात काही सांगितलं. त्यांनी बाबांना खालून वर न्याहाळलं आणि हात उंचावला. "पाच हजार!"

सुटलो, असं बाबांना वाटलं. आता कंत्राटदार नेतील, पैसे त्यांचे, बाकं मुलांची, आपण नामानिराळे. पण मेहुणा एव्हाना इरेला पेटला होता.

"साडेपाच!"

"सहा," शिवणाऱ्या बाई.

"सात," कंत्राटदार.

"आठ!" मेहुणा खुर्चीवर चढला. "आमचे भावोजी आहेत ते!"

"घरच्यांचा हक्क पहिला," म्हणत कंत्राटदार मोठ्या मनानं खाली बसले. शिवणाऱ्या बाईंनी साडेआठ म्हणून पाहिलं, मेहुण्यानं नऊ केले, तेव्हा त्याही समाधानानं हसल्या आणि हात खाली घेतला. सरांनी शिट्टी एवढ्या जोरात फुंकली की बाहेर मैदानावर खेळणारी मुलं खेळ थांबवून उभी राहिली.

नऊ हजार. त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी बोली. टाळ्या थांबेनात. लेकीनं मागं वळून पाहिलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की बाबांना क्षणभर पैशांचा विसर पडला. क्षणभरच.

घरी आल्यावर चपला काढायच्या आत आई कडाडली, "माझ्या भावाला वेड लागलंय का? नऊ हजार?"

"त्याचे नाहीत," बाबा म्हणाले. "आपले आहेत." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

आईनं स्वयंपाकघरातला डबा आणून पैसे मोजले. नवीन कपाटासाठी साठवलेले पैसे नेमके तेवढेच होते.

"दोनशेवरच मिटलं असतं गं," बाबा काकुळतीला आले. "पण त्या शिवणाऱ्या बाईंना काय झालं होतं कुणास ठाऊक."

आईनं डब्याचं झाकण लावलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यांना मीच सांगितलं होतं."

"काय?"

"तुम्ही स्वस्तात जाऊ नये म्हणून. म्हटलं, पैसे मी देईन, चांगला भाव येईस्तोवर मागे हटू नका, माझ्याकडे बघूसुद्धा नका. मी सारखी खुणा करत होते हो, पण त्या बघतील तर शपथ!"

म्हणजे नवऱ्याच्या पैशांनी बायकोच्या पैशांशी टक्कर घेतली होती आणि दोन्ही एकाच डब्यातले होते. एवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, पैशांची घाई नाही. पण रविवारी सकाळी गॅरेजवर या. नियम म्हणजे नियम. बऱ्याच गाड्या धुवायच्या पडल्यात."

बाबांनी फोन ठेवला. नऊ हजार देऊन गाड्या धुवायला मिळालेला माणूस ते बहुधा पहिलेच असावेत. तरी त्यांनी छाती जरा पुढे काढली.

"पण काही म्हण, कंत्राटदारांची बोली खरी होती. सात हजार! त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

"हे मात्र खरं," आई म्हणाली. तिचाही आवाज निवळला.

"मी सांगितलं होतं," लेक म्हणाली.

दोघंही वळली.

"त्यांना नाही, त्यांच्या मुलीला. म्हटलं, माझे बाबा गणित शिकवताना कधीच ओरडत नाहीत. तिच्या घरी सगळे ओरडतात. शिकवणीच्या बाईपण." तिनं बूट काढून कोपऱ्यात ठेवले. "खोटं नाही सांगितलं मी. तू खरंच नाही ओरडत."

 बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. आईचं डोकं मात्र व्यवहारात चालत होतं.

"म्हणजे तुमचा मेहुणा गप्प बसला असता, तर एक पैसा न जाता सात हजारांची बाकं आली असती!"

"तुझा भाऊ," बाबा म्हणाले.

वाद रंगणार एवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर कंत्राटदार, आणि त्यांच्यामागे वही छातीशी धरून त्यांची मुलगी. "माझे सात हजार मी संघाला तसेच देऊन आलोय," ते म्हणाले. "मेहुण्यांच्या चार तासांतला एखादा तास आम्हाला मिळेल का? चाचणी आहे हो तिची."

बाबा दोन्ही मुलींना घेऊन टेबलाशी बसले. अपूर्णांकांचं गणित होतं. त्यांनी ते सोडवलं, पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहिलं, डोकं खाजवलं. "चुकलं वाटतं. मलाही नाही कळलं. चला, तिघं मिळून पहिल्यापासून बघू." कंत्राटदारांची मुलगी आधी बावरली, मग खुदकन हसली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

दाराशी उभे असलेले कंत्राटदार भारावून आईला म्हणाले, "काय माणूस आहे! पोरांना धीर यावा म्हणून आपल्यालाच येत नाही असं दाखवायचं. कसं जमतं हो त्यांना?"

"शाळेत असल्यापासून जमतंय," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.