सोनकांबळे सरांचा चिंचोका

सोनकांबळे सरांच्या पुतणीचं लग्न होतं चाकूरला. जेवणं चालू होती आणि हात धुवायच्या जागेजवळ सरांनी तीन मडकी मांडली होती. एकावर खडूनं लिहिलेलं ‘जमलं’, दुसऱ्यावर ‘अर्धंमुर्धं’, तिसऱ्यावर ‘वाया’. जेवून उठणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातावर सर एक चिंचोका ठेवत होते आणि सांगत होते, "जेवण कसं झालं? बोलू नका, टाका."

नवऱ्या मुलाच्या मामांना वाटलं सुपारी आहे. त्यांनी तो तोंडात टाकून कचकन चावला आणि दाढेचा तुकडा पडला. लग्नघरात नुसता गोंधळ! मामा गाल धरून बसलेले, वरमाई रुसलेली, आणि आमचे सर माझ्या कानाशी येऊन विचारतात, "जाधव मॅडम, ह्यांचं मत कुठल्या मडक्यात धरायचं?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही आधी इथनं हला."

मी आणि सर लातूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात कामाला. मी मूळची नांदेडची, शनिवारी घरी पळणारी. सर माझे वरिष्ठ. शिबिराची आखणी करायची आणि शिबिर संपल्यावर ते कसं झालं हे तपासायचं, एवढंच आमचं काम. बाकीची दुनिया त्यासाठी छापील फॉर्म वाटते. सरांचा फॉर्मवर काडीचा विश्वास नाही. "फॉर्म भरताना माणसाचं अर्धं ध्यान एस्टीकडं असतंय. सगळीकडं ‘उत्तम’ लिहून मोकळा. चिंचोका कसाय, हातात गार लागतो. टाकताना माणूस नाहक खोटं बोलत न्हाई."

चिंचोके सरांच्या घरचे. वहिनी चिंच फोडायला बसल्या की सर शेजारी डबा घेऊन बसणार. नियमही ठरलेले. जेवढी माणसं तेवढेच चिंचोके. कुणी काय टाकलं ते बघायचं नाही. आणि शिकवणाऱ्यानं टाकायचा नाही, कारण "आपलीच भाकर आपल्याला गोड लागती."

तर अशा माणसाच्या गळ्यात एक दिवस समुद्र पडला.

झालं असं, की बदलत्या हवामानाला किनाऱ्यावरच्या लोकांनी कसं तोंड द्यायचं, यावर तिकडच्या अधिकाऱ्यांचं शिबिर व्हायचं होतं. बंदरवाले, मासेमारी खात्याचे, खाऱ्या पाण्यापासून शेतं राखणारे खारभूमीचे बांध बघणारे, नगरपरिषदेचे इंजिनियर. तिकडच्या केंद्राची इमारत दुरुस्तीला काढलेली, म्हणून ते शिबिर आमच्याकडं ढकललं. आमच्याकडं! जिथं नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं, आणि तेही आलं तर. सर आयुष्यात समुद्रापर्यंत गेलेले नाहीत. मी एकदा गेले होते, पण मला चप्पल वाहून गेली एवढंच आठवतं.

"सर, नाही म्हणा," मी म्हटलं.

"कशाला? न्हाई माहीत तर विचारून घिऊ."

आणि त्यांनी विचारलं. शिबिराला येणाऱ्या एकेकाला फोन लावून एकच प्रश्न: "तुमच्याकडं पाणी घरात शिरलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय उचलता?" कुणी म्हणालं गॅसची टाकी, कुणी जाळी, एक बाई म्हणाल्या सासूबाई. सर ऐकत होते आणि खूश होत होते. यादी संपत आली तसा त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. "हा एक तुम्ही करा."

मी नाव बघितलं. राहुल सोनकांबळे, खारभूमी.

राहुल म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. आता हे सांगायलाच पाहिजे. राहुलला कोकणात नोकरी लागली तेव्हा घरी पेढे वाटायला सगळी भावकी जमली होती. सरांनी सवयीनं मडकी मांडली. राहुलची नोकरी कशी? बोलू नका, टाका. सगळ्यांनी हसत हसत ‘जमलं’मध्ये टाकले. एक चिंचोका तेवढा ‘वाया’मध्ये पडला, आणि टाकणारा हात राहुलनं बघितला. तो बापाचा होता. पोरगं दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलं ते गेलंच. फोन यायचा तो वहिनींना. हे मला वहिनींनीच सांगितलं, चिंच फोडता फोडता. त्या म्हणाल्या, "ह्यांना इच्यारलं, असं का केलं? तर गप. जगाला बोलू नका म्हणतेत, आन् स्वतःलाबी बोलता येत न्हाई."

मला सरांचा असा राग आला होता म्हणून सांगू! पण फोन मी केला. राहुल म्हणाला, "येतो. ऑर्डर आहे."

शिबिर सुरू झालं. राहुल मागच्या रांगेत. उंची सरांची, कपाळावरची आठीसुद्धा सरांची. सर त्याला ‘सोनकांबळे साहेब’ म्हणायचे आणि तो सरांना ‘सर’. जेवताना एक इकडच्या टोकाला, दुसरा तिकडच्या. सर मात्र रोज संध्याकाळी मला एकच विचारायचे, "मॅडम, शेवटच्या दिवशी तो कुठं टाकील?"

"कुणी काय टाकलं ते बघायचं नाही ना, सर?"

"न्हाई बघायचं. मी इच्यारायलो नुसतं."

शेवटच्या दिवशी सकाळी सरांनी सराव ठेवला होता. समुद्राचं पाणी गावात शिरलंय, सगळ्यांनी खालच्या हॉलमधून, जे पहिल्यांदा उचलणार ते उचलून, गच्चीवर पळायचं. आमच्या केंद्राचे मोठे साहेबही बघायला आलेले. सरांनी शिट्टी फुंकली आणि व्हरांड्यात उभं राहून खच्चून ओरडले, "पाणी आलं! पाणी आलं!"

किनाऱ्यावरची मंडळी शिस्तीत जिन्याकडं पळाली. आणि त्याच क्षणी वरच्या स्वयंपाकघरातून आमच्या स्वयंपाकीण शांताबाई दोन बादल्या घेऊन खाली सुटल्या. त्यांच्यामागं शिपाई पिंप गडगडवत. टायपिस्ट बाई डब्यातली पोळी टाकून कळशीसह. जिन्यात जी टक्कर झाली म्हणता! बंदरवाले साहेब बादलीत बसले. इकडं कुंपणावरून शेजारच्या कॉलनीतल्या बाया घागरी घेऊन आत उतरल्या आणि अंगणातल्या नळाला रांग लावून भांडायलाही लागल्या.

नळ कोरडा ठाक. शांताबाईंनी तोटी पिळून बघितली आणि सरांसमोर कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "कुठाय पाणी? सर, तुमी शिकले-सवरलेले माणसं, पाण्यावरनं खोटं बोलायलाव?"

कॉलनीतल्या बायांनी तर सरांची पार धूळधाण केली. साहेब घड्याळ बघत तोंड फिरवून उभे. सर भिंतीला टेकले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा बघितलं. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "आज सगळे ‘वाया’तच पडतेत."

आम्ही कसेबसे हॉलमध्ये परत बसलो. सर बोलायला उभे राहिले आणि हातातले कागद नुसते खालवर करत राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेतून राहुल उठला, सरळ पुढं आला.

"सर, तुम्ही बसा. मी बोलतो."

सर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, शाळेतल्या पोरासारखे.

राहुल म्हणाला, "हसू नका कुणी. आमच्या वाडीत सरकारनं धोक्याचा भोंगा बसवलाय. आवाज अगदी मासळीच्या लिलावाच्या भोंग्यासारखा. पहिल्यांदा वाजवला, तर सगळी वाडी टोपल्या घेऊन समुद्राकडं पळाली. म्हणजे ज्या दिशेला जायचं नाही, नेमकी तिकडं. आज इथं तेच झालं. ओरडणाऱ्याला वाटतं, आपण सांगितलं. ऐकणाऱ्यानं काय ऐकलं, हे त्याला कुणी विचारत नाही." मग त्यानं शांताबाईंनाच बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, की मावशी, तुम्हाला पळून जा असं सांगायचं असेल तर काय ओरडायचं? त्यावर दुपारपर्यंत चर्चा रंगली. साहेबसुद्धा खुर्ची ओढून बसले. प्रत्येकानं आपल्या गावच्या इशाऱ्याचं सांगितलं आणि आधी गावाला विचारायचं, मग भोंगा बसवायचा, असं ठरवून उठले. असं शिबिर मी तरी दुसरं बघितलं नाही.

निरोपाच्या वेळी मडकी दारात. सर एकेकाच्या हातावर चिंचोका ठेवत होते. "बोलू नका, टाका." राहुलच्या हातावर ठेवताना त्यांनी मान वर केली नाही.

मंडळी गाडीकडं गेली आणि सरांनी मडकी सतरंजीवर पालथी केली. ‘जमलं’चा ढीग बघून मला हायसं वाटलं. सर मोजत होते. पुन्हा मोजले. पुन्हा. सतरंजी झटकली, खुर्च्यांखाली हात घातला.

"एक कमी हाय."

"असू द्या ना सर, पडला असेल कुठं."

"पडला न्हाई, मॅडम. त्यानं टाकलाच न्हाई." सर खालीच बसले. "वाया टाकला असता तरी चाललं असतं मला. मी बी टाकला होता की."

"माझ्याकडं आहे," दारातून राहुल म्हणाला. त्याची बॅग खांद्यावरच होती. तो आत आला, सरांसमोर मांडी घालून बसला आणि तिन्ही मडकी त्यानं पुन्हा सरळ मांडली. मग सरांचा हात ओढून त्यावर तो चिंचोका ठेवला. "बाबा, घरी तुमचा चुकीच्या मडक्यात पडला होता. परत टाका."

"नियम हाय. शिकवणाऱ्यानं टाकायचा न्हाई."

"शेवटचं सत्र मी घेतलं. तुम्ही समोर बसला होतात."

सरांनी चिंचोका मुठीत धरला. "राहुल, तुझी नोकरी वाया म्हणलो न्हवतो रे मी. मला तू इथं जवळ पाहिजे होतास. तवा ते बोलता आलं न्हाई, म्हणून…"

"बाबा," राहुल म्हणाला, "बोलू नका. टाका."

‘जमलं’च्या मडक्यात टप्पकन आवाज झाला. सरांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, सगळे चिंचोके पुन्हा सतरंजीवर ओतले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. डोळ्याला दिसत नव्हतं, म्हणून राहुल मोजून देत होता. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला सांगितलं, तुम्ही निघा, एक माणूस राहणार आहे.