रुक्मिणीचं सरकारी वय

त्या काळी मुंबईची हद्द कांदिवलीच्या बरीच अलीकडे संपत असे आणि खाडीचा बारमाही चिखल तिथून सुरू होई. त्याच चिखलात नोकरदार मंडळींनी एक हाउसिंग सोसायटी उभारली होती. स्टेशनापर्यंत कोरड्या पायांनी पोचायचं साधन एकच होतं, दशरथ परबनं महायुद्धानंतर लष्करी लिलावात घेतलेली जीप. दशरथ आंब्यावरून पडला आणि पाय मोडून खाटेवर बसला, तेव्हा सोसायटीला अतोनात दुःख झालं. ऑफिसात लेट मार्क लागू लागले होते.

मग जीप त्याची मुलगी रुक्मिणी चालवू लागली. वय तेरा, इयत्ता सातवी, पाठीशी उशी आणि बुडाखाली भाताचं पोतं. भात कापलेल्या शेतात बापाच्या मांडीवर बसून ती शिकली होती. तिकडची पोरं तशीच शिकत, आधी बैलगाडी, मग जमलं तर मोटार. मंडळींना स्टेशनावर उतरवून ती शाळेत जाई. सातवी पास होऊन तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि त्यापायी ती गिअर बदलतानाही कविता पाठ करी.

एके सकाळी रेल्वे फाटकाशी मोटार इन्स्पेक्टरनं जीप अडवली.

"लायसन्स?"

"बाबांचं आहे."

"बाबा कुठायत?"

"खाटेवर."

"मग गाडीपण खाटेशेजारीच ठेव. अठरा पूर्ण झाल्याशिवाय चालवायची नाही."

सोसायटीची तातडीची सभा भरली. दशरथनंच चालवावी असा ठराव घेऊन मंडळी त्याच्या खाटेशी गेली. तो म्हणाला, "माझो पाय मोडलो हा, सायबानू. लायसन काय क्लच दाबतला?" मग नंदकुमार नावाचे हेडक्लार्क स्वतः शिकायला बसले आणि थेट म्हशींच्या गोठ्यात शिरले. म्हशींनी दूध आटवलं.

तेव्हा सेक्रेटरी अनंतराव गुप्ते पुढे झाले. ते सरकारी नोकरीत मुरलेले होते.

"मुलगी लहान आहे ही अडचणच नव्हे," ते म्हणाले. "तिचा कागद लहान आहे. तो वाढवू या."

सोसायटीतल्या डॉक्टरांनी रुक्मिणीचे दात पाहून ती अठराची असल्याचा दाखला दिला. आठ सभ्य गृहस्थांनी अठरा वर्षांपूर्वी तिच्या बारशाला जेवल्याची लेखी शपथ घेतली. त्यांतले सहा जण तिच्या जन्माच्या वेळी गिरगावात राहत होते. इन्स्पेक्टरनं तिच्याकडून रिव्हर्समध्ये आठचा आकडा काढून घेतला आणि लायसन्स दिलं. लेट मार्क थांबले. सोसायटीनं पेढे वाटले.

लायसन्सच्या कचेरीतून नवं वय रीतसर दुरुस्तीसाठी शाळेकडे गेलं. हेडबाई रत्नप्रभाबाई नियमाला पक्क्या होत्या. "अठरा वर्षांची बाई सातवीत बसवता येत नाही," असं म्हणून त्यांनी तिचं नाव पटावरून काढून टाकलं. परीक्षा तोंडावर आली होती.

रुक्मिणी धावत अनंतरावांकडे गेली. "काका, मला परत तेराची करा ना!"

"अगं, वय कमी करायचं तर ते लहानपणीच करायला हवं होतं," अनंतराव कळवळून म्हणाले. हे ते अनुभवानं सांगत होते. शाळेत घालताना त्यांच्या वडिलांनी त्यांची सहा वर्षं उतरवली होती, त्यामुळे साठीला टेकले तरी सरकारदरबारी ते अजून निवृत्तीच्या वयाचे, म्हणजे पंचावन्नचे, व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी भरलेली जीप शाळेच्या दारात थांबली. रुक्मिणीनं इंजिन बंद केलं.

"उतरा सगळे. आत चला आणि बाईंना सांगा, मी तेराची आहे म्हणून."

"म्हणजे शपथ खोटी होती असं सांगायचं?" नंदकुमार दचकले. "नोकरीची वाट लागेल गं!"

"आणि माझ्या शाळेची लागली ती?" पोरीचे डोळे भरून आले होते, पण किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली होती.

मंडळींनी घड्याळं पाहिली. धोतरं खोचली, पँटी दुमडल्या आणि मंडळी चिखलातून स्टेशनाच्या दिशेनं चालू लागली. "उर्मट झालीय हो," डॉक्टर वाटेत म्हणाले. "अठराची झाली ना, आता कशाला ऐकतेय!"

वाचकहो, त्यांना हसण्याची घाई करू नका. घरी तुमचं औक्षण भाद्रपदात होतं आणि शाळेच्या दाखल्यावर तुम्ही एक जूनला जन्मता, हे आम्हाला ठाऊक आहे. रुक्मिणी शाळेच्या दारात अजून उभी आहे. आत जाऊन खरं सांगणार असाल, तर या. नाहीतर पँट दुमडा, स्टेशन सरळ पुढे आहे.