शेलारभाऊंनी बसवलेलं नाटक

लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात कुणी आपलं दुःख सांगायला लागला, की शेलारभाऊ मान डोलवत शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग खुशीत म्हणायचे, "झ्याक. ह्ये नाटकात घिऊ."

सांगणारा रडायचा थांबून त्यांच्याकडे बघत राही. एकदा यार्डातल्या एका खलाशाचं बोट रुळांच्या सांध्यात सापडलं. भाऊंनी स्वतःचं मुंडासं फाडून पट्टी बांधली आणि बांधता बांधता विचारलं, की तू आधी "आय गं" म्हणालास का "मेलो"? वेळी-अवेळी ड्युटीवर जाणारा जावई नको म्हणून माझं जमलेलं लग्न मोडलं, तेही त्यांनी घेतलं. वर म्हणाले, आणखी एकदा मोडलं तर प्रवेश रंगेल.

भाऊ आंदर मावळातले, यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. रेल्वेच्या खोलीत एकटेच राहायचे. मी बुकिंग ऑफिसात कारकून. गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. आमच्या रेल्वे कामगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये दर वर्षी पुण्याहून भाड्याने तलवारी आणून ऐतिहासिक नाटक व्हायचं. भाऊंना ते पटायचं नाही. "तलवारी कुनाच्या घरात हायेत? रातपाळ्या समद्यांच्या घरात हायेत," असं ते कमिटीला ऐकवायचे. त्या वर्षी कमिटीने त्यांचं मानलं, कारण त्यांच्या नाटकाला पोशाख लागणार नव्हता.

पंचाईत पुढेच झाली. स्वतःचं काम करायला कुणी तयार होईना. गँगमन तुकाराम म्हणाला, दिवसभर रुळावर घण घालायचा आणि तिथे पुन्हा तेच? त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. झाला. ड्रायव्हर होऊन तो गँगमनवर असा काही खेकसायला लागला, की खरे ड्रायव्हर चिडले. आम्ही असं बोलत नाही म्हणाले. गँगमन म्हणाले, याहून वाईट बोलता.

तालमीला सगळे कधी जमलेच नाहीत. जो ड्युटीवर असेल त्याचं काम भाऊ करायचे. कधी कधी ते एकटेच एकमेकांशी भांडत असायचे.

एका प्रवेशात मात्र त्यांचा जीव होता. रात्रपाळी करून आलेला नवरा दिवसा खाटेवर झोपलाय. बायकोच्या पोटात कळ येते. ती त्याला उठवायला जाते, मागे फिरते, तोंडात पदर कोंबते, पुन्हा जाते. शेवटी न उठवताच भिंतीला टेकून बसते. दिवेलागणीला नवरा उठतो आणि म्हणतो, "चहा टाक गं." बस, एवढंच. हे कुणाचं, असं विचारलं तर भाऊ म्हणायचे, कर्जतकडे आहे एक.

नुसतं पडून राहायचं म्हणून ड्रायव्हर जाधव नवरा व्हायला राजी झाला. बायकोचं काम शेडमधल्या बबनकडे होतं. साडी नेसल्याशिवाय जमणार नाही म्हणून त्याने तालमीत ते एकदाही करून दाखवलं नाही. भाऊ रागावले नाहीत. प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभा राहून बघीन म्हणाले.

प्रयोगाला पहिल्या रांगेत साहेब सहकुटुंब बसले होते. सुरुवात बरी झाली. पण तो प्रवेश यायच्या आत घाटात मालगाडी अडकली आणि जाधवला बोलावणं आलं. तो तोंडाच्या रंगासकट गेला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. विंगेत मी प्रॉम्प्टर होतो. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाऊन खाटेवर पडले. डोळे मिटले.

बबनने काम मनापासून केलं, हे मी शपथेवर सांगेन. पण साडीखाली त्याचे केसाळ पाय दिसत होते. त्याने पोट धरलं आणि हॉल हसायला लागला. नववा महिना दिसतोय, असं मागून कुणीतरी म्हणालं. ज्यांच्या बायका दुपारभर भांड्याचा आवाज होऊ देत नसत, तेच पोट धरून हसत होते. बबन भिंतीला टेकला. मी भाऊंना वाक्य दिलं. पुन्हा दिलं. ते हलले नाहीत. लोकांना तेही विनोदी वाटलं. शेवटी पडदा पाडावा लागला.

पडद्यापुढे साहेबांचं भाषण सुरू झालं. कामगारांनी असंच हसतखेळत राहावं, शेवटचा विनोदी प्रवेश फार आवडला, असं ते सांगत होते. मी खाटेपाशी गेलो. म्हटलं, भाऊ, वाक्य विसरतं माणूस, मनाला लावून घेऊ नका.

"वाक्य ध्येनात व्हतं," ते पडल्या पडल्या म्हणाले. "बाबू, आमची मंडळी अशीच गेली. दिसा. मी हाताच्या अंतरावं घोरत पडलोवतो. तिनं उठीवलंच न्हाई."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"कशी फिरली आसंल, कुटं थांबली आसंल, येवडं यकदा बगायचं व्हतं. त्येच्यासाटी ह्यो समदा खटाटोप. आन आज बी डोळं मिटूनच पडाय लागलं."

बबन साडी सोडत होता. मी त्याला थांबवलं. भाऊंना उठवून विंगेत उभं केलं आणि खाटेवर मी पडलो. बबनच्या बांगड्या माझ्या जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा आल्या. पडद्यापलीकडे टाळ्या पडल्या. तेवढ्यात विंगेतून भाऊंचा आवाज आला, अगदी हळू.

"उठीव की गं त्याला. उठीव."

बबनने मला उठवलं नाही. नाटकात तसं नव्हतं.