एक्केचाळीस तास उभा माणूस

ऑफिसमधले लोक त्यांना कोटेशनराव म्हणत. खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? टाचण्यांची डबी घ्यायची असली तरी तीन दुकानांची कोटेशनं आल्याशिवाय त्यांचं पेन सहीकडे वळत नसे. घरीही तेच. स्वयंपाकघरातला ओटा आधीच्या मालकाने स्वतःच्या मापाने बांधून घेतला होता आणि तो गृहस्थ बहुधा ताडमाड असावा. कोटेशनरावांची बायको जेमतेम पाच फूट. ओट्याशी उभी राहिली की तिचे खांदे कानांना भेटायला जात. ‘ओटा जरा खाली घेऊन द्या’ असं ती दोन वर्षं सांगत होती आणि कोटेशनरावांनी विषय टाळला असं कुणी म्हणू नये. दोन गवंड्यांची कोटेशनं फायलीला लागली होती. तिसरं यायचं होतं.

अशा या सावध माणसाने एका सोमवारी हात वर केला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

झालं असं, की साहेब ऑफिस-सामानाच्या प्रदर्शनाला जाऊन आले होते. पिशवीभर माहितीपत्रकं टेबलावर ओतून त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

“सध्या आपल्या बाजारात ट्रेंड काय आहे, सांगा बघू.”

“स्टेपलरच्या पिना पूर्वीपेक्षा पातळ येतात, साहेब,” कोटेशनराव म्हणाले. (हे त्यांचं बावीस वर्षांचं निरीक्षण होतं.)

“पिना घेऊन बसलात! अहो, खुर्ची संपली! आता उभ्याने काम करायचं. बटण दाबलं की टेबल वर, बटण दाबलं की खाली. कंपनी एक टेबल आठ दिवस घरी वापरायला देतेय. रोज निदान पाच तास उभं राहायचं. कोण नेतंय?”

सगळे छताकडे बघू लागले. कोटेशनरावांनाही छताकडेच बघायचं होतं. पण विभागप्रमुखाची जागा चार महिने रिकामी होती, आणि साहेबांची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली होती. हात आपोआप वर गेला.

टेबल त्याच दिवशी घरी आलं. बाहेरच्या खोलीत सोफा, आतल्या खोलीत पलंग आणि कपाट. जागा होती ती फक्त स्वयंपाकघरात, ओट्यासमोर. संध्याकाळी कोटेशनराव फाईल घेऊन त्याच्याशी मोठ्या रुबाबात उभे राहिले. अकराव्या मिनिटाला पायांना मुंग्या आल्या. मग या उपक्रमाचा शांतपणे विचार करावा म्हणून ते सोफ्यावर जाऊन बसले, आणि पुढचे आठ दिवस त्यांनी तो विचार काही सोडला नाही.

बायकोने रिकाम्या टेबलावर भाजीची टोपली ठेवली. सहज एक बटण दाबलं.

“अहो, हे खाली येतंय!”

“येणारच. त्याचं कामच आहे ते.”

टेबल तिच्या कोपराशी येऊन थांबलं. ती भाजी चिरू लागली. खांदे जिथल्या तिथे. थोड्या वेळाने ती चक्क गुणगुणायला लागली. कोटेशनरावांनी सोफ्यावरून समाधानाने मान डोलावली. टेबल वापरात आहे ना? मग झालं तर.

नवव्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरबाई ऑफिसात आल्या. हे टेबल स्वतःची डायरी स्वतः लिहितं, किती वाजता, किती उंचीवर, किती वेळ, सगळं, असं त्यांनी हसत सांगितलं तेव्हा कोटेशनराव हळूच दाराकडे सरकू लागले. बाईंनी लॅपटॉप उघडला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

“आठ दिवसांत एक्केचाळीस तास! आणि सुरुवात रोज पहाटे पाच चाळीसला!”

सगळ्यांत जास्त थक्क कोटेशनरावच झाले होते. एक सरळ वाक्य बोलायचा अवकाश, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बावीस वर्षांत त्या पाठीवर कुणाचाही हात पडला नव्हता.

“सवय आहे, साहेब,” कोटेशनराव म्हणाले.

“ऐकलंत?” साहेब बाकीच्यांकडे वळले. “पन्नाशीचा माणूस एक्केचाळीस तास उभा राहतो! तुम्हाला काय धाड भरलीय? पहिल्या तारखेपासून सगळ्या खुर्च्या जाणार. सव्वीस टेबलं मागवा. कोटेशनराव, उद्या सकाळी तुमची सही पाहिजे.”

जेवणाच्या सुट्टीत कोटेशनरावांच्या टेबलाशी कुणी फिरकलं नाही. फक्त टपाल बघणारे अण्णा आले. अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, नोकरीची दोन वर्षं उरलेली.

“तुमच्या पायांना नमस्कार बाबा,” ते म्हणाले. “पण आमच्या गुडघ्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?”

कोटेशनराव घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी खिशातून टेबलाच्या डायरीचा कागद काढून दिला.

ती वाचू लागली. “पाच चाळीस ते आठ... संध्याकाळी सव्वासहा ते नऊ... रविवारी साडेपाच तास...” ती थांबली. “अहो, ही तर मी आहे.”

“हो.”

“रविवारी तुमचे चार मित्र जेवायला होते, म्हणून जरा जास्त.”

कोटेशनरावांनी कागद पुन्हा हातात घेतला. पहाटे पाच चाळीसला आपल्या घरात कुणी उभं असतं, ही बातमी त्यांना लग्नानंतर बावीस वर्षांनी एका टेबलाकडून कळत होती. हे सगळे तास ती आजवर त्या उंच ओट्याशी, खांदे वर करून काढत होती. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून.

“खांदे फार दुखायचे का गं?”

“सवय आहे,” ती म्हणाली.

ते दोन शब्द ऐकून कोटेशनरावांनी कागदाची घडी करून तो बाजूला ठेवला.

“मी सही नाही करत,” ते शेवटी म्हणाले. “विभागप्रमुखपद गेलं खड्ड्यात.”

“नकाच करू. आणि उद्या मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर साहेब पाठीवर अजून एक थाप मारतील, आणि तुम्ही विरघळाल.”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत इंजिनिअरबाई ऑर्डर न्यायला आधीच हजर होत्या. कोटेशनरावांनी डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. “साहेब, एक्केचाळीस तास हिचे. माझी अकरा मिनिटं.”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग कोटेशनरावांच्या बायकोकडे.

“पण... टेबल कसं आहे?”

“टेबल सोन्यासारखं आहे, साहेब. पण मी उभी राहते, कारण बसून एवढ्यांचं पीठ मळता येत नाही. यांना बसून सही करता येते, अण्णांना बसून तिकिटं चिकटवता येतात. मग बसू द्या की त्यांना!”

“अहो, पण बाजारात ट्रेंड आहे.”

“आमच्याकडे तो पहिल्यापासून आहे. बघायला कुणी आलं नव्हतं एवढंच.”

साहेब हळूच आपल्या खुर्चीत टेकले. तिथूनच म्हणाले, “दोनच टेबलं घेऊ. ज्याला हौस असेल तो उभा राहील.” इंजिनिअरबाई मात्र खूश होत्या. इतका खरा वापर त्यांना आजवर कुठे मिळाला नव्हता, म्हणून घरातलं टेबल कंपनी तिथेच ठेवणार होती. बायकोचा चेहरा असा खुलला, की कोटेशनरावांना सगळी फजिती भरून निघाल्यासारखं वाटलं.

त्यात साहेबही मवाळ झाले. “कोटेशनराव, उशिरा का होईना, खरं बोललात. असा माणूस विभागप्रमुख म्हणून...”

“एक मिनिट हं,” इंजिनिअरबाई लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाल्या. “एका नोंदीचा अर्थ मला लागत नाहीये. रविवारी दुपारी दोन ते साडेचार टेबल सगळ्यात खालच्या उंचीवर आहे आणि त्यावर ब्याऐंशी किलो वजन आहे. शिवाय दर चार सेकंदांनी टेबल थरथरतंय. मोटरमध्ये बिघाड, असं मी लिहून ठेवलंय. त्यावर ठेवलं तरी काय होतं?”

कोटेशनराव छताकडे बघू लागले.

“हेच होते,” बायको म्हणाली. “सोफ्यावर आणि पलंगावर मित्र आडवे झाले होते ना, मग हे टेबलावर. पाय स्टुलावर.”

“आणि ती थरथर?”

“घोरतात.”

इंजिनिअरबाईंनी ‘बिघाड’ हा शब्द खोडला, एकदा कोटेशनरावांकडे नीट निरखून बघितलं, आणि पुन्हा तसाच लिहिला.