आमची खुली भांडी

"कंपनीची भांडी फुकट घासतोस, आणि घरातली मी घासू?" आईनं ओली घासणी माझ्या कीबोर्डवर आपटली.

"भांडी नाहीत गं! कुलपाचं सॉफ्टवेअर आहे. ओपन सोर्स! कंपनीनं सगळ्यांना फुकट दिलंय, कुणीही हवे ते बदल करावेत. खुल्या कामात घरचं-बाहेरचं नसतं. त्यातल्या एकेचाळीस चुका मी दुरुस्त केल्या."

"तुला काय मिळालं?"

"यादीत नाव. सत्तावन्नावं."

"आणि कंपनीला?"

मी चिडून सगळं सांगितलं. चुका लोक शोधतात. दुरुस्तही लोकच करतात. एकदा सवय लागली की दुसऱ्या कंपनीकडे कुणी फिरकत नाही. वर दिलदार म्हणून मिरवायला मोकळे! सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला.

आईनं घासणी उचलून घेतली. तिनं अशी माघार घेतली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

सोमवारी सकाळी आमची खरकटी भांडी दाराबाहेर, जिन्यात. वर पाटी : 'सदर भांडी सर्वांसाठी खुली करण्यात येत आहेत. योगदान द्यावे. नाव भिंतीवर लागेल.'

मी पोट धरून हसलो. दुपारपर्यंत पातेली चकाचक! तळमजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर तीन तवे घासून भिंतीवर पहिले. वरच्या मावशी दुसऱ्या. बुधवारी हेडमास्तरांनी भिंतीवर 'तवा घासण्याची नियमावली' चिकटवली. मावशी भडकल्या. "आमची पद्धत वेगळी!" म्हणाल्या आणि आमचा कुकर उचलून घरी घेऊन गेल्या. आता त्यांचा प्रकल्प वेगळा, भिंत वेगळी. पाटी वाचली तर सगळं कायदेशीर. आम्ही बटाटे पातेल्यात उकडतोय.

आई मात्र पाय पसरून पेपर वाचत होती. म्हणाली, "रविवारी भिंतीवर तुझं नाव पहिलं नसेल, तर वायफाय बंद."

"अगं, मी घरचा आहे!"

"खुल्या कामात घरचं-बाहेरचं नसतं. तूच म्हणालास ना?"

हसताय? हसा. काल हॉटेलातून आल्या आल्या मोबाईलवर त्याला तारे कुणी दिले? नकाशातली चुकलेली गल्ली कुणी सुधारून दिली? ती भिंत कुणाची, विचारलंत कधी? माझी निदान माझ्या घराची आहे.

आज शनिवार. हेडमास्तर एकशे बारा भांडी, मी एकशे नऊ. आत्ताच दाराबाहेर कढई ठेवल्याचा आवाज आला, आणि खालून चपला वाजतायत... बास, मला निघायलाच हवं.